लिफ्टमधले अण्णा आणि त्यांची हाडं

गिरगावातल्या आमच्या चाळीचा टॉवर झाला आणि जन्मभर तीन जिने चढणारे अण्णा सतराव्या मजल्यावर लिफ्टने जाऊ लागले. गेल्या महिन्यात सोसायटीत हाडांच्या तपासणीचं फुकट शिबिर होतं. यंत्रात टाच ठेवायची, आकडा ऐकायचा, शेजारच्या टेबलावरून कॅल्शियमचा डबा विकत घ्यायचा. अण्णा लांबूनच म्हणाले, "ते बायकांचं दुखणं. आपल्याला काय होतंय?"

पुरुषांची हाडं मुळात जाड असतात आणि रजोनिवृत्तीसारखी एकदम घसरण त्यांच्यात नसते, म्हणून त्यांची हाडं साधारण दहा वर्षं उशिरा मोडतात. पण खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांतच जास्त आहे. त्याआधी कितीतरी वर्षं मांड्या बारीक होत असतात, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. स्नायूंच्या या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नावसुद्धा १९८९ मध्ये मिळालं.

आता एका पायावर उभे राहा. चालताना प्रत्येक पावलाला आपण तेच करतो. खुब्याचा सांधा म्हणजे बागेतल्या सी-सॉचा मधला टेकू. एका बाजूला, टेकूपासून लांब, शरीराचं वजन. दुसऱ्या बाजूला, टेकूच्या अगदी जवळ, कुल्ल्याचा स्नायू. जवळून तोलायचं म्हणजे त्याला दुप्पट ओढावं लागतं. त्यामुळे ७० किलोच्या माणसाच्या खुब्यावर साधारण १७५ किलोंचा भार येतो, आणि त्यातला मोठा वाटा वजनाचा नसून स्नायूच्या ओढीचा असतो! स्नायू दुबळा झाला की माणूस नकळत त्याच बाजूला झुकून चालतो, म्हणजे ओढ आणखी कमी होते.

ही ओढ हाडाला कळते कशी? हाडातल्या दहापैकी नऊ पेशी 'ऑस्टिओसाइट' असतात, हाडातच गाडलेल्या, बारीक नळ्यांनी एकमेकींशी जोडलेल्या. हाड किंचित वाकलं की नळ्यांतला द्रव सरकतो आणि पेशींना ताण जाणवतो. मग त्या 'स्क्लेरोस्टिन' नावाचं प्रथिन कमी बनवतात. हे प्रथिन 'विंट' या संदेशमार्गाला लगाम घालतं. लगाम सैल झाला की हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. ओढच नसेल तर लगाम आवळलेलाच राहतो. स्क्लेरोस्टिनला अडवणारं एक औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, तेही रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी. अण्णा तेवढ्यापुरते बरोबर.

म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या डब्याने भागत नाही. अण्णांच्या मनगटातल्या तांब्याच्या कड्याबद्दल तर बोलायलाच नको. ते फार तर मनगटाला हिरवं करतं. चौपाटीवरचा संथ फेरफटका हृदयाला चांगला, पण हाडाला त्याची सवय झालेली असते. त्याला जोर हवा: वजन उचलणं, जिना, खुर्चीतून हात न टेकता उठणं.

खुर्चीची चाचणीही आहे. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ किंवा जास्त सेकंद लागले तर डॉक्टरांना दाखवावं. अण्णांना १६ लागले. डॉक्टरांना विचारून झालं, आणि आता ते चौदाव्यावर उतरून वरचे तीन जिने चढतात. उतरताना मात्र गुडघे कुरकुरतात म्हणून लिफ्टच.