२८ दिवसांत मिटणारी नलिका: फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीमागचा इतिहास आणि मराठवाडा

बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्माला आलं, किंवा कवटीच तयार झालेली नाही असं सोनोग्राफीत दिसलं, की मराठवाड्यातल्या कित्येक घरांत अजूनही पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो: ग्रहणात काही चिरलं होतंस का? गरोदर बाईने ग्रहण पाळायचं, विळीला हात लावायचा नाही, अंधाऱ्या खोलीत बसून राहायचं. मूल व्यंग घेऊन आलं तर ती कुठेतरी चुकली असणार, असं गृहीतच धरलेलं असतं. ग्रहण पाचव्या महिन्यातलं असो की आठव्या, दोष तिच्याच माथी.

ज्या व्यंगाबद्दल हे बोललं जातं त्याचा निकाल मात्र गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवशीच लागलेला असतो. हा हिशेब माणसाला कसा लागला, आणि तो लागूनही हा धोका कमी करणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेळेवर का पोचत नाही, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी त्या २८ दिवसांत काय घडतं ते पाहू. तिसऱ्या आठवड्यात गर्भ म्हणजे पेशींची एक चपटी, लांबट चकती असते. तिच्यात तीन थर तयार होतात. मधल्या थरातून पृष्ठरज्जू नावाची एक दोरी उभी राहते आणि तिच्या बरोबर वरचा बाह्यस्तराचा पट्टा जाड होऊ लागतो. साधारण १८ व्या दिवशी दिसणारी ही चेतापट्टी म्हणजे पुढच्या मेंदूची आणि मेरुरज्जूची पहिली खूण. मऊ पोळीच्या दोन्ही कडा उचलून सुरळी करावी तशा या पट्टीच्या कडा वर येतात, एकमेकींकडे झुकतात आणि २२ व्या दिवसाच्या आसपास मानेच्या भागात पहिल्यांदा जुळतात. तिथून ही चेतानलिका दोन्ही दिशांनी मिटत जाते. डोक्याकडचं तोंड २५ व्या दिवसाच्या सुमारास बंद होतं, शेपटीकडचं २७ व्या किंवा २८ व्या दिवशी. वरचं तोंड उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी घडत नाही, आणि असं बाळ जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर मणक्याला खिंडार पडतं, मेरुरज्जू बाहेर येतो, पायांतलं बळ जातं, लघवी-शौचावर ताबा राहत नाही. यालाच स्पायना बायफिडा म्हणतात.

इथे एक हिशेब नीट लक्षात घ्यायला हवा. दवाखान्यात महिने मोजतात ते शेवटच्या पाळीपासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशी गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत नलिकेचं काम संपतं. एवढ्या दिवसांत बाई फार तर म्हणते, "उशीर झालाय, बघू."

गर्भात आधी काय तयार होतं हा वाद आपल्याकडे फार जुना. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तो नावानिशी दिला आहे. शौनक म्हणतात आधी डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य नाभी, मार्कंडेय हातपाय, सुभूती गौतम धड. धन्वंतरी सगळ्यांचं ऐकून घेऊन सांगतात की सगळे अवयव एकाच वेळी उद्भवतात, फक्त सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत. उत्तर बरोबर नव्हतं, पण प्रश्न अचूक होता. तिकडे ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने कोंबडीची अंडी दिवसागणिक फोडून पाहिली आणि धडधडणाऱ्या हृदयाला पहिला मान दिला. नुसत्या डोळ्यांना तेच आधी दिसणार.

सूक्ष्मदर्शक आल्यावर चित्र बदललं. इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी १६७० च्या दशकात अंड्यातल्या पिलाची जी चित्रं काढली त्यांत पाठीवरच्या दोन घड्या आणि मेंदूचे फुगे ओळखता येतात.

हे पाहायला युरोपात जायची गरज नाही. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या मुलांनी कोंबडीच्या गर्भाचं प्रात्यक्षिक वर्षानुवर्षं केलं आहे. त्यासाठी अंडं गावठी कोंबडीचं लागतं, म्हणजे कोंबड्याशी संबंध आलेलं. दुकानातलं पोल्ट्रीचं अंडं कितीही उबवलं तरी त्यात काही वाढत नाही. साधारण ३८ अंशांना ३३ तास उबवलेलं अंडं कोमट मिठाच्या पाण्यात अलगद फोडायचं. बलकावर एक फिकट चकती तरंगते. फिल्टर पेपरची कडी तिच्यावर ठेवायची, कडेने कात्री फिरवायची, कडीसकट उचलून वॉचग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ बशीत, घ्यायची आणि बलक धुऊन टाकायचा. मग भिंगाखाली एक पारदर्शक रेघ दिसते. वरच्या टोकाला तीन फुगे, पहिल्याच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांचे उंचवटे, रेघेच्या दोन्ही अंगांना मणक्यांच्या आधीचे चौकोनी ठोकळे, आणि खालचं टोक अजून उघडं. माणसाच्या गर्भाला जे दाखवायला चार आठवडे लागतात, ते इथे दीड दिवसात समोर असतं. ज्या विद्यार्थ्याने ते उघडं टोक एकदा पाहिलं, त्याला स्पायना बायफिडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९ व्या शतकात जर्मन भाषक अभ्यासकांनी हा विषय बांधून काढला. ख्रिश्चन पांडर यांनी १८१७ मध्ये थरांची कल्पना मांडली. कार्ल फॉन बेअर यांनी ती सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांना लावून दाखवली. विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये नलिकेच्या कडेने सुटणाऱ्या पेशींचा पट्टा वर्णन केला. आज त्याला चेताशिखा म्हणतात आणि चेहऱ्याची हाडं, त्वचेतला रंग, आतड्यातल्या नसा त्यातूनच येतात हे आपल्याला माहीत आहे. पण हिस यांचं खरं मोठं काम माणसाच्या गर्भाचं. गर्भपात झालेले गर्भ डॉक्टरांकडून गोळा करून त्यांनी ते वयाच्या क्रमाने लावले. त्यांचे विद्यार्थी फ्रँकलिन मॉल यांनी पुढे बाल्टिमोरमध्ये कार्नेगी संस्थेचा मोठा संग्रह उभा केला, आणि पहिल्या आठ आठवड्यांच्या २३ अवस्था आजही त्याच नावाने ओळखल्या जातात. "२८ वा दिवस" हे आपण सहज म्हणतो, पण तो आकडा अशा संग्रहांतून आला आहे. ज्यांची मुलं पोटातच गेली त्या बायांचं हे देणं आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींची नावं कुठेही नाहीत.

पट्टीला मेंदू व्हायला सांगतं कोण, याचं उत्तर १९२४ मध्ये फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत मिळू लागलं. हिल्डे मँगोल्ड या तरुण संशोधिकेने एका न्यूटच्या (सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) गर्भातला छोटा तुकडा दुसऱ्या, वेगळ्या रंगाच्या न्यूटच्या गर्भात बसवला. त्या जागी दुसरा गर्भच उभा राहिला, स्वतःच्या चेतानलिकेसह. रंगावरून कळत होतं की ती नलिका बहुतांशी यजमानाच्याच पेशींची होती. आणून बसवलेल्या तुकड्याने शेजाऱ्यांना कामाला लावलं होतं. त्याच वर्षी हिल्डे भाजून गेल्या, वय अवघं २५. त्यांचे मार्गदर्शक हान्स श्पेमान यांना १९३५ चं नोबेल मिळालं. तो निरोप नेमका कोणता, हे कळायला मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं. नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिनं सापडली आणि उत्तर उलटंच निघालं: बाह्यस्तराच्या पेशी मोकळ्या सोडल्या तर चेतापेशीच होऊ पाहतात. "त्वचा व्हा" असा निरोप त्यांना सतत येत असतो, आणि तो निरोप अडवणं हेच त्या तुकड्याचं काम.

आता गोळीकडे. तिचा इतिहास आपल्या फार जवळचा आहे आणि महाराष्ट्रात तो पुरेसा सांगितला जात नाही याचं मला वाईट वाटतं. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बाया एका विशिष्ट प्रकारच्या पंडुरोगाने दगावत होत्या. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं, त्या बायांच्या जेवणात काय असतं ते तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर रक्त सुधारतं असं त्यांना दिसलं. १९३१ मध्ये त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या अनोळखी घटकाला लोक विल्स घटक म्हणू लागले. १९४१ मध्ये तोच पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत तो कृत्रिम रीतीने तयार झाला, आणि त्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

तोवर हे रक्ताचं औषध होतं. नलिकेशी त्याचा संबंध उलट्या बाजूने लागला. फॉलिक अ‍ॅसिडला अडवणारं अमिनोप्टेरिन हे औषध गर्भपातासाठी वापरून पाहिलं तेव्हा, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, वाचलेल्या गर्भांत व्यंगं आढळली. १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या एलिझाबेथ हिबर्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी व्यंग असलेल्या बाळांच्या आयांमध्ये फोलेटची, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडच्या अन्नातल्या रूपाची, गडबड दाखवली. कारण समजण्यासारखं आहे. पेशी दुभंगायची तर नवा डीएनए लागतो आणि तो बनवायला फोलेट लागतं. चेतापट्टीच्या पेशी त्या दिवसांत भराभर दुभंगत असतात.

पक्का पुरावा १९९१ चा. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ७ देशांतल्या ३३ केंद्रांवर १,८१७ स्त्रियांची चाचणी घेतली. या सगळ्या जणींना आधी असं एक बाळ झालेलं होतं. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. फॉलिक अ‍ॅसिड घेतलेल्यांत ६ बाळं बाधित, न घेतलेल्यांत २१. म्हणजे धोका ७२ टक्क्यांनी कमी. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीने पहिल्या खेपेलाही हे लागू पडतं असं दाखवलं. अमेरिकेने १९९८ पासून गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे १४० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं केलं.

आपल्याकडे काय? कागदावर बरंच आहे. २०१८ च्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोहाची गोळी आहे, तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. गर्भ राहण्याआधीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं, हेही त्यात लिहिलं आहे. पण आशाताईच्या वहीत बाईचं नाव चढतं ते नोंदणी झाल्यावर. १२ आठवड्यांच्या आत नोंदणी झाली तर ती वेळेवरची मानली जाते. चेतानलिकेच्या दृष्टीने तोवर फार उशीर झालेला असतो. चौथ्या महिन्यातली गोळी आईच्या रक्तासाठी अत्यंत गरजेची आहे, बाळाच्या मणक्यासाठी ती काही करू शकत नाही.

मराठवाड्यात यात आणखी दोन गाठी पडतात. पहिली स्थलांतराची. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणीतल्या टोळ्या उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून कामाला एक कोयता धरतात. त्यामुळे लग्न झालं की मुलगीही फडावर जाते. पहिली पाळी चुकते ती पाचटाच्या कोपीत, गावची आशाताई शेकडो किलोमीटर लांब असताना. गुढीपाडव्यानंतर परत येते तेव्हा पोट दिसू लागलेलं असतं. दुसरी गाठ लवकर लग्नाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी आणि बीड हे बालविवाहांत राज्यात अगदी वरचे जिल्हे आहेत. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. लग्न होऊन शाळा सुटली की ती गोळीही सुटते, नेमकी गर्भ राहण्याच्या तोंडावर. नियमाप्रमाणे शाळाबाह्य मुलीला ती अंगणवाडीतून मिळायला हवी, पण सासरच्या अंगणवाडीत तिचं नाव कोण घालणार?

पिठाचा मार्गही इथे सरळ लागत नाही. ज्वारी घरची किंवा बाजारची, दळण गावच्या गिरणीतलं. कारखान्यात पिठात काही मिसळायचं म्हटलं तरी ते या भाकरीपर्यंत येत नाही. अलीकडच्या वर्षांत रेशनवर पोषणयुक्त तांदूळ आला, ज्याला गावोगाव प्लास्टिकचा तांदूळ म्हणून निवडून फेकलं गेलं. या तांदळासाठीच्या आपल्या मानकात फॉलिक अ‍ॅसिड किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला १० च्या आसपास. अमेरिकेच्या पिठाशी त्याची तुलनाच होत नाही. तो तांदूळ मिळाला तर जरूर खावा, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नये.

तूर, हरभरा, मेथी, चाकवत, तांदुळजा यांत फोलेट आहे, आणि या मातीत हे सगळं पिकतं. फार वेळ शिजवून पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंच जातं. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात गरोदर बायांमध्ये फोलेट बहुधा पुरेसं आणि बी-१२ मात्र कमी आढळलं. बी-१२ नसेल तर शरीराला फोलेट नीट वापरता येत नाही, आणि ते मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. ज्या घरात दूध डेअरीला जातं आणि सून सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिथे या यादीतलं तिच्या ताटात किती येतं हे वेगळं सांगायला नको. शिवाय प्रत्येक व्यंग फोलेटने टळत नाही. आटोक्यात नसलेला मधुमेह, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध, सुरुवातीच्या दिवसांतला जोराचा ताप, घराण्यातली प्रवृत्ती, हीही कारणं आहेत. फिट्सची गोळी मात्र मनाने बंद करू नये, ती डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावी.

बाळ बाधित जन्मलंच तर २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी आणि पुढचे उपचार येतात. पाठीवरची गाठ दिसली की पोटिसं बांधत बसू नये, पहिल्याच दिवसांत शस्त्रक्रियेसाठी मोठ्या रुग्णालयात न्यावं.

आणि ज्या आईला असं एक बाळ झालं आहे, तिच्यासाठी १९९१ च्या चाचणीतला आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. तिच्या पुढच्या खेपेला धोका गोळीविना शंभरात साडेतीन, गोळीसह शंभरात एक होता. तिला नेहमीची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा पुरत नाही. चाचणीत रोज ४ मिलिग्रॅम दिलं होतं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते आणि डॉक्टर तीच लिहून देतात. ती पाळी चुकल्यावर सुरू करायची नाही, मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधी सुरू करायची आणि तिसरा महिना संपेपर्यंत रोज घ्यायची.