बोका कुंथतोय: शी अडलीय की शू तुंबलीय?

आमचा गुंड्या चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. एप्रिलमधला रविवार. सकाळपासून तो शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कुंथायचा, काहीच न करता बाहेर यायचा आणि पाच मिनिटांनी परत आत. मी निदान करून मोकळी झाले: शीचा खडा झालाय. लाल भोपळा उकडला, चमचाभर त्याच्या पाऊचमध्ये कालवला. त्याने हुंगून तोंड फिरवलं. संध्याकाळी तो बाथरूमच्या थंडगार फरशीवर जाऊन तिथेही कुंथायला लागला, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, त्यानं शू कधी केली होती?" मला आठवेना. "उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी पाज," असंही त्या म्हणाल्या. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, उपाय अगदी चूक.

रात्री अकराला डॉक्टरांनी त्याच्या पोटाखाली हात घातला आणि दोन सेकंदांत सांगितलं, "शीचं काही नाही. हा तुंबलाय."

बाहेरून दोन्ही गोष्टी इतक्या सारख्या दिसतात की मांजर पाळणारा प्रत्येक जण एकदा तरी फसतो. ट्रे तोच, धडपड तीच. दोन्हीत मांजर जेवण टाकतं, दोन्हीत ओकतं, शेपटीखाली चाटत बसतं. फरक वेळेचा आहे. शी अडली तर बहुतेकदा एखाद-दोन दिवस घरी बघायला हरकत नसते. शू पूर्ण अडली तर बोका 24 ते 48 तासांत दगावू शकतो.

आधी शूचं बघू, कारण घोळ तिथेच होतो.

बोक्याची मूत्रनलिका लांब असते आणि टोकाशी खूप अरुंद होत जाते. लघवीतले बारीक स्फटिक आणि आतला चिकट स्राव मिळून तिथे बूच बसतं. कधी मूतखडा अडकतो, कधी नुसती सूज आणि नलिकेचं आकसणं एवढ्यानेही वाट बंद होते. भाटीची नलिका आखूड आणि रुंद, म्हणून तिच्यात हे क्वचित होतं. घरातच राहणारे, वजन वाढलेले, फक्त ड्राय फूडवर जगणारे आणि पाणी कमी पिणारे बोके यात जास्त सापडतात. गुंड्या चारही रकान्यांत बसत होता.

वाट बंद झाली तरी मूत्रपिंडांचं काम चालूच असतं. मूत्राशय फुगत जातं, मागे दाब येतो, शरीराबाहेर जायची घाण रक्तात साठू लागते. त्यातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात, चुकतात. सकाळी ओरडून घर डोक्यावर घेणारा बोका दुसऱ्या दिवशी गप्प पडून राहिला, तर तो बरा होत नसतो, शेवटच्या टप्प्यात गेलेला असतो.

शी अडते ती बहुधा पाण्याच्या कमतरतेमुळे. आतड्यात मळ जितका रेंगाळतो तितकं पाणी त्यातून शोषलं जातं, मग तो बकरीच्या लेंड्यांसारखा कोरडा होतो. केस गिळणं, लठ्ठपणा, ट्रे अस्वच्छ म्हणून थांबवून धरणं हीसुद्धा कारणं. म्हाताऱ्या मांजरात मात्र मागे मूत्रपिंडाचा आजार असू शकतो, किंवा सांधे दुखत असल्याने ट्रेच्या उंच कडेवरून पाय टाकणंच त्याला नको होतं. एक साधी गोष्ट लांब केसांच्या पर्शियन मांजरवाल्यांनी बघावी: शेपटी उचला. कधी तिथले केस शीने चिकटून गच्च डिंक लावल्यासारखे झालेले असतात आणि वाट बाहेरूनच बंद असते. हा दोष आतड्याचा नाहीच. केस कापले की काम होतं, पण कातडी नाजूक असते, कात्री लावू नका, ट्रिमर घ्या.

घरी ओळखायचं कसं? बसण्याच्या ढबीवरून ओळखता येतं असं सांगतात: शूला मांजर खाली टेकतं, शीला पाठीची कमान करतं. निरोगी मांजराबाबत हे खरं. दुखणारं मांजर दोन्ही ढबी एकाच बैठकीत करून दाखवतं, म्हणून माझा यावर भरवसा नाही. ट्रेवर आहे. गोळे होणारं लिटर (ट्रेत पसरायचे ओल शोषणारे दाणे) असेल तर धडधाकट मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार ओले गोळे निघतात, आणि शी बहुधा एकदा. शी दिसत नाही पण ओले गोळे रोजच्याच आकाराचे आहेत, तर शू चालू आहे, जरा दम घ्या. शी नेहमीसारखी आहे पण ओला गोळा एकही नाही, किंवा हरभऱ्याएवढे चार-पाच ठिपकेच आहेत, तर मांजर न्यायची पिशवी काढा आणि दवाखान्यात निघा.

वाळू किंवा माती वापरणाऱ्यांना हे दिसतच नाही. दोन मांजरं एकच ट्रे वापरत असतील तर कोणाचा गोळा कोणाचा हेही कळत नाही. अशा वेळी संशयातल्या बोक्याला पाणी आणि रिकामा ट्रे देऊन एका खोलीत ठेवा, ट्रेत जुनं वर्तमानपत्र पसरा. तास-दोन तासांत ट्रेच्या फेऱ्या होऊनही कागद कोरडा असेल, तर कळलं.

यात दोन फसवे प्रकार आहेत. थेंब थेंब येतंय म्हणजे वाट मोकळी आहे, असं नसतं. अर्धवट तुंबलेल्या बोक्याचेही थेंब गळतात, कधी गुलाबीसर. दुसरा प्रकार उलट बाजूचा: घट्ट अडलेल्या शीच्या खड्याच्या कडेने पातळ, बुळबुळीत पाणी येतं आणि आपण ते जुलाब समजून जुलाबाचं औषध देतो. मग खडा आणखीच बसतो.

पोटाला हात लावायचाच असेल तर हलक्या बोटांनी, मागच्या पायांच्या पुढे. तुंबलेलं मूत्राशय मोठ्या लिंबासारखं टणक, ताणलेलं लागतं. अडलेली शी लांबट, मण्यांच्या माळेसारखी. दाबू मात्र नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. आणि हाताला काही लागलं नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका. गुंड्याच्या चरबीत मला काहीच लागलं नव्हतं.

शी अडलेलं मांजर खेळतंय, थोडं तरी खातंय आणि शू व्यवस्थित करतंय, तर घरी एवढं करता येतं: ड्राय फूड थांबवून वेट फूड द्या आणि त्यातही दोन चमचे कोमट पाणी घाला. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, ट्रे धुवा, अंगावरून कंगवा फिरवा. उकडलेला लाल भोपळा, मीठ-फोडणीविना, चमचाभर चालतो, पण पाणी पोटात जात असेल तरच, नाहीतर तंतूंनी गोळा उलट घट्ट होतो. दोन दिवसांत शी झाली नाही, किंवा ओकारी सुरू झाली, तर डॉक्टर.

आपल्या घरात हाताशी असणाऱ्या वस्तूंची मला जास्त भीती वाटते. एरंडेल नको. दूध नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पोट साफ व्हावं म्हणून घशात जबरदस्तीने ओतलेलं पातळ पॅराफिन (लिक्विड पॅराफिन) फुप्फुसात जाऊ शकतं. माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मांजराचा जीव घेऊ शकतो. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही. ते पचवायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात धड नसते. एका गोळीने त्याचं रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं, हिरड्या मातकट होतात.

शू तुंबली असेल तर घरचा उपाय नाही. धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली हे सगळं भरलेल्या टाकीत आणखी पाणी सोडणं आहे. दवाखान्यात भूल देऊन नळी घालतात, मूत्राशय धुतात, सलाइन लावतात, पोटॅशियम आणि हृदयाकडे लक्ष ठेवतात. दोन-तीन दिवस ठेवून घेतात. काही प्रकारचे स्फटिक खास आहाराने विरघळतात, काही नाही, त्यामुळे लघवी तपासल्याशिवाय दुकानातून 'युरिनरी' लिहिलेली खाण्याची पिशवी आणण्यात अर्थ नसतो. पुन्हा पुन्हा तुंबणाऱ्या बोक्याची वाट रुंद करण्याची शस्त्रक्रियाही होते.

फोनवर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "बोका आहे, इतक्या तासांपासून शू झालेली नाही." मी त्या रात्री "दोन दिवस पोट साफ नाही" अशी सुरुवात केली होती, आणि पलीकडून शांतपणे उत्तर आलं होतं, "मग सकाळी घेऊन या." "आणि शूसुद्धा दिसली नाही," हे मी फोन ठेवता ठेवता म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "आत्ता निघा."