उकिरड्यात सापडलेली खानेसुमारी

इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्रा गेली आणि इजिप्त रोमचा प्रांत झाला, तिथलं धान्य रोमला इतकं गरजेचं की सिनेटर म्हणजे रोमच्या राज्यसभेतल्या बड्या लोकांना बादशहाच्या परवानगीशिवाय तिकडे पायसुद्धा ठेवता येत नव्हता. पण मला खरं भारी वाटतं ते तिथल्या साध्या माणसांचं रेकॉर्ड.

दर १४ वर्षांनी प्रत्येक घराने लेखी अर्ज द्यायचा, घरात कोण राहतं, वय किती, नातं काय, बायका, तान्ही पोरं, गुलाम सगळे त्यात. १४च का, तर पुरुषांची डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, चौदाव्या वर्षी सुरू व्हायची, म्हणजे मागच्या गणतीनंतर जन्मलेला पोरगा पट्टीला लागायच्या आत कागदावर यायचाच. इ.स. १०४ मध्ये तर सुभेदाराने हुकूमच काढला की बाहेरगावी गेलेल्यांनी गणतीसाठी आपापल्या घरी परत या.

हे अर्ज पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर लिहिलेले, आणि फायूम, ऑक्सिरिंकस अशा कोरड्या भागातल्या उकिरड्यांत, पडक्या घरांत ते टिकले. सुमारे ३०० अर्ज आणि हजारावर माणसं. नाईलच्या मुखाजवळच्या ओल्या डेल्टामधलं मात्र जवळपास सगळं कुजून गेलं, त्यामुळे चित्र अर्धंच आहे हे लक्षात ठेवायला हवं. एकूण लोकसंख्येचंही तसंच, पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस अलेक्झांड्रिया शहर सोडून ७५ लाख सांगतो, आजचे बरेच अभ्यासक ४०-५० लाखच धरतात.

वयांवरून आयुर्मान काढलं तर जन्माच्या वेळी जेमतेम २२ ते २५ वर्षं येतं. म्हणजे पंचविशीत सगळे म्हातारे व्हायचे असं अजिबात नाही हं! या हिशोबाने जन्मलेल्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या वर्षातच जायची आणि त्यानेच सरासरी खाली येते, दहा वर्षांचं झालेलं पोर पुढे अजून तीस-पस्तीस वर्षं जगेल अशी आशा असायची. लोकसंख्या नुसती टिकवायची तरी एका बाईला सहाएक बाळंतपणं काढावी लागत, हे वाचून माझ्या पोटात कालवतं.

काही अर्जांत वयापुढे ओळखीची खूण असते, नडगीवर वण, कपाळावर वण. माणूस मेला तर घरचे वेगळा अर्ज करायचे, याचं नाव मेलेल्यांच्या यादीत घाला म्हणून, नाहीतर डोईपट्टी चालूच राहायची.