यंत्र पान कुठून वाचतं?
कुठलंही वेबपान उघडा आणि कंट्रोल धरून यू दाबा. समोर येतो तो सोर्स कोड, म्हणजे पान ज्यातून उभं राहतं तो मजकूर आणि सूचना. आपण पान बघतो, सर्च इंजिनच्या हाती मात्र पहिल्यांदा हा कोडच पडतो आणि तो वरून खाली वाचला जातो.

१९९८ साली सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलची रचना एका शोधनिबंधात मांडली. त्यात साध्या शब्दाच्या प्रत्येक नोंदीला १६ बिट (शून्य-एकचे आकडे) दिले होते: १ बिट कॅपिटल अक्षरांसाठी, ३ अक्षरांच्या आकारासाठी आणि तब्बल १२ शब्दाच्या जागेसाठी, म्हणजे तो पानात कितवा आहे यासाठी. जागा मोजली जायची ४०९५ पर्यंत. त्यापुढचे सगळे शब्द एकाच खणात.

मुख्य मजकूर कोडात जितका वर, तितकं पान शोधाच्या निकालांत वर, असं तेव्हा वेबसाइट करणारे मानायचे. पण पानं टेबलात, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात मांडलेली असायची. डावीकडचा मेनू हा पहिला कप्पा, त्यामुळे कोडात आधी मेनू आणि मग लेख. यावर कुणीतरी फार देखणी युक्ती काढली. डावीकडचा वरचा कप्पा रिकामा सोडायचा, शेजारचा लेखाचा कप्पा दोन ओळींइतका उंच करायचा आणि मेनू दुसऱ्या ओळीत टाकायचा. डोळ्यांना मेनू डावीकडेच दिसायचा, कोडात मात्र लेख आधी यायचा. पुढे सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने, मांडणी कोडाच्या क्रमापासून सोडवली आणि युक्तीची गरज उरली नाही.

आता गूगल पान ब्राउझरसारखं उभं करून बघतं. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातला प्रोग्राम, चालवून पानं वाचत असल्याचं त्याने २०१४ मध्ये जाहीर केलं आणि २०१९ पासून त्याचा क्रॉलर, म्हणजे पानं गोळा करत फिरणारा प्रोग्राम, क्रोमची ताजी आवृत्ती वापरतो. त्यामुळे निव्वळ रँकिंगसाठी परिच्छेद कोडात वर-खाली सरकवण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेडची गोष्ट वेगळी. हेड म्हणजे कोडाचा वरचा, पानाबद्दलची माहिती ठेवणारा भाग; दिसणारा मजकूर त्याखालच्या बॉडीत असतो. एका साइटची मूळ पानं सोडून त्यांच्या नकलाच शोधात येत होत्या. दोन दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं: हेडमध्ये कुणीतरी भेटींच्या मोजणीसाठी एक इवलंसं चित्र टाकलं होतं. चित्राला हेडमध्ये जागाच नसते. त्याचा टॅग, म्हणजे कोडातली खूण, दिसताच ब्राउझर हेड संपलं असं धरतो आणि त्याखालचं सगळं बॉडीत जातं. मूळ पान कोणतं हे सांगणारा कॅनॉनिकल टॅग नेमका त्या चित्राखाली होता, म्हणून गूगलने तो जमेस धरला नाही. स्क्रीनवर कणभरही फरक नव्हता. ती ओळ काढली, बाकी काही करावं लागलं नाही.

आणि कोडातल्या क्रमावर आजही खरोखर अवलंबून असतात ती माणसं आहेत. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्या अंध वाचकाला पान कोडाच्या क्रमाने ऐकू येतं. लेखाआधी चाळीस दुवे असतील तर ते सगळे कानावर आदळतात. एच ही कळ दाबून थेट पुढच्या मथळ्यावर जाता येतं, पण मथळ्याला मथळ्याचा टॅग दिलेला असेल तरच. नुसत्या ठळक अक्षरांवर ती कळ थांबत नाही.