नाण्यांची हातचलाखी : ग्रंथांवरून अध्ययन

नाणे तळहातात वा बोटांत लपवून ठेवणे, ते एका हातातून दुसऱ्या हातात दिल्याचा आभास निर्माण करणे, एका नाण्याच्या जागी नकळत दुसरे आणणे, अशा क्रियांवर उभी असलेली जादूविद्येची शाखा. पोकळ किंवा दुमडणारी नाणी, दोरे, चुंबक यांच्यावर चालणारे प्रयोग तिच्यात सहसा धरत नाहीत. मराठीत ‘हातचलाखी’ आणि ‘नजरबंदी’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. येथे पहिलाच योग्य, कारण प्रेक्षकाची नजर मोकळी असते. सारे काम हाताचे असते. या शाखेतील अवघड तंत्रांच्या प्रसारात गुरूइतकाच छापील ग्रंथाचा वाटा आहे.

उगम : काही लेखक या क्रियांचा संबंध प्राचीन रोममधील पेल्यांच्या आणि खड्यांच्या खेळाशी जोडतात. तत्त्वज्ञ सेनिका याच्या पंचेचाळिसाव्या पत्रात या खेळाचा उल्लेख येतो. त्यातील फसवणूकच आपल्याला आवडते आणि युक्ती समजली की गोडी जाते, असे तो म्हणतो. खड्यावरून नाण्याकडे झालेला प्रवास तर्काला पटतो. मात्र सेनिकाच्या मजकुरात नाणे नाही. त्यामुळे छापील पुराव्यापासून आरंभ करणे अधिक सुरक्षित.

असा पुरावा १५८४ मधील आहे. त्या वर्षी लंडनमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांचा ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ निघाला. (जादूच्या प्रयोगांनाच वाहिलेले ज्याँ प्रेव्हो यांचे फ्रेंच पुस्तक त्याच वर्षी लियाँ येथे प्रसिद्ध झाले.) स्कॉट यांचा हेतू जादू शिकवण्याचा नव्हता. चेटकीण ठरवून माणसांना शिक्षा देण्याच्या प्रथेला त्यांचा विरोध होता आणि लोक ज्याला चेटूक समजतात त्यातील बराच भाग हातचलाखीचा आहे, हे त्यांना दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन कॉटारेस या फ्रेंच कलावंताची मदत घेतली. हा ग्रंथ राजा पहिला जेम्स याने जाळायला लावला, अशी कथा वारंवार सांगितली जाते. तिला समकालीन आधार क्षीण आहे.

स्कॉट यांचा नाण्यांविषयीचा मजकूर आजही कामाचा आहे. त्यांच्या मते नाण्याची चलाखी चेंडूच्या चलाखीपेक्षा सोपी असते. नाणे राखण्याची मुख्य जागा म्हणजे तळहात. नाणे फार लहान असेल तर ते बोटांच्या टोकांजवळ, दोन बोटांमध्ये धरावे. टेस्टर नावाचे त्या काळचे नाणे सर्वांत सोयीचे, पण सरावाने सगळी नाणी सारखीच वाटू लागतात. या वाक्यांत काही अभ्यासकांना आजच्या ‘क्लासिक पाम’ची पहिली नोंद दिसते. या पकडीत अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आणि समोरची करंगळीकडची बाजू यांच्यात नाण्याच्या कडा दाबून धरतात. बोटे पूर्ण मोकळी राहतात. स्कॉट जागा सांगतात, स्नायूंची पकड सांगत नाहीत. त्यामुळे क्लासिक पामचे पूर्वरूप एवढेच म्हणणे इष्ट. १६३४ मध्ये निघालेल्या ‘होकस पोकस ज्युनियर’ या जादूच्या सचित्र पुस्तकानंतरही दीर्घकाळ अशीच त्रोटक वर्णने छापली जात होती.

हात एकाचा, लेखणी दुसऱ्याची : सविस्तर अध्यापन सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ यांचा ग्रंथ १८६८ मध्ये आला. ‘प्रोफेसर हॉफमन’ या नावाने लिहिणारे बॅरिस्टर अँजेलो लुईस यांचे ‘मॉडर्न मॅजिक’ १८७६ मध्ये आले आणि त्यानंतर लवकरच त्यांनी केलेला रॉबेर-उदँ यांचा इंग्रजी अनुवादही. यानंतर नाण्यांच्या वाङ्मयात एक गोष्ट सतत आढळते, ती म्हणजे ज्याचा हात त्याची लेखणी नाही. ‘नाण्यांचा राजा’ म्हणून गाजलेले अमेरिकन कलावंत टी. नेल्सन डाउन्स (१८६७–१९३८) हवेतून एकामागून एक नाणी काढून टोपीत टाकत. ‘कृपणाचे स्वप्न’ या अर्थाच्या नावाने हा प्रयोग त्यांनी लोकप्रिय केला. त्याचे पूर्वरूप हॉफमन यांच्या पुस्तकात आहेच. १९०० मधील ‘मॉडर्न कॉइन मॅनिप्युलेशन’ डाउन्स यांच्या नावावर असले, तरी मजकूर विल्यम हिलियर यांनी सिद्ध केला असे मानतात. १९०९ मधील ‘द आर्ट ऑफ मॅजिक’चे संपादक मात्र जॉन नॉर्दर्न हिलियर्ड. नावसाधर्म्यामुळे या दोघांची गल्लत होते. १९०२ मध्ये ‘द स्फिंक्स’ हे मासिक काढणारे हिलियर. वृत्तपत्रव्यवसायातून आलेले हिलियर्ड.

हीच वाटणी पुढेही दिसते. स्कॉटिश कलावंत जॉन रॅमसे यांचा सिलिंडर आणि नाण्यांचा प्रयोग व्हिक्टर फारेली यांनी शब्दबद्ध केला, जादूगार डाय व्हर्नन यांचे तंत्र १९५७ मध्ये लुईस गॅन्सन यांनी, नाण्यांचे जादूगार डेव्हिड रॉथ यांचे १९८५ मध्ये रिचर्ड कॉफमन यांनी. सर्वाधिक वापरले गेलेले पुस्तक मात्र स्वतः व्यावसायिक जादूगार असलेल्या जे. बी. बोबो यांचे आहे. त्यांचे ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ १९५२ मध्ये निघाले, वाढवलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. १९८२ पासून मिळणारे स्वस्त पुनर्मुद्रण १९५२ च्या मजकुराचे आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. १९६६ ची भर त्यात नाही.

या वाटणीचा अध्ययनावर थेट परिणाम होतो. लिहिणारा जे पाहतो ते लिहितो, म्हणजे बोटांची स्थिती. करणाऱ्याला जे जाणवते, म्हणजे दाब, लय, श्वास, ते कागदावर क्वचितच उतरते. भाषेची अडचण वेगळीच. दोन्ही हात एकाच क्षणी हलतात, तर वाक्य आधी उजव्या हाताचे सांगते, मग डाव्याचे. वाचणारा त्याच क्रमाने हात हलवू लागतो आणि क्रिया तुटक होते. इंग्रजी ग्रंथांत ‘पहिले बोट’ म्हणजे अंगठ्याशेजारचे, पण पियानोच्या पद्धतीत पहिले बोट अंगठाच. तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी ही नावे असलेल्या मराठीत हा गोंधळ उद्‌भवत नाही. या विषयाचे लेखन मराठीत अधिक व्हायला हवे, असे म्हणण्याला हेही एक कारण आहे. चित्र प्रेक्षकाच्या बाजूने काढले आहे की करणाऱ्याच्या, हे प्रत्येक आकृतीपाशी तपासावे लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘रिटेन्शन पास’. उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत धरलेले नाणे डाव्या तळहातावर टेकवायचे. डावी बोटे त्याभोवती मिटू लागली की त्यांच्या आडोशाने ते मागे ओढून उजव्या हातातच ठेवायचे. स्थिती दोन आकृत्यांत संपते. नाणे केव्हा निघते, यावर मात्र सारे अवलंबून असते. लवकर निघाले तर मूठ रिकामी मिटताना दिसते, उशीर झाला तर ओढण्याची हालचाल उघडी पडते. अनुभवी शिक्षक यावर एकच उपाय सांगतात : आधी नाणे खरोखर हातात द्यावे, पुन:पुन्हा द्यावे, आणि खोटी क्रिया त्या खऱ्या क्रियेसारखी होईपर्यंत दोन्ही आळीपाळीने कराव्यात.

नाण्याची निवड : पाश्चात्त्य ग्रंथ बहुधा अमेरिकन अर्ध्या डॉलरचे नाणे गृहीत धरतात. त्याचा व्यास सुमारे ३०.६ मिमी. असतो. कडेवरचे कंगोरे क्लासिक पाममध्ये कातडीला धरून राहतात. १९६४ पर्यंतच्या या नाण्यांत ९० टक्के चांदी होती. अशी झिजलेली नाणी एकमेकांवर आपटताना कमी वाजतात म्हणून पसंत केली जातात. एक डॉलरचे जुने चांदीचे नाणे ३८.१ मिमी. व्यासाचे आणि जवळपास २७ ग्रॅम वजनाचे असते. ते लांबून दिसते, पण लहान हाताला झेपत नाही. पुस्तकातील नाण्याचा हट्ट न धरता स्वतःच्या तळहातात दोन्ही कडा टेकतील असे नाणे घ्यावे.

आभासाची कारणमीमांसा : जुने ग्रंथ रिटेन्शन पासचे यश दृष्टिसातत्याला, म्हणजे वस्तू हलल्यावरही डोळ्यांत रेंगाळणाऱ्या प्रतिमेला देतात. हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. जादूगाराची नजर जिकडे तिकडेच वस्तू गेली असे प्रेक्षकाला वाटते, हा दुसरा विचार. चेंडू वर फेकल्याचा नुसता आभास निर्माण करून गुस्टाव्ह कून आणि मायकल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगाने त्याला बळ दिले. याउलट जादूगार मॅक किंग यांच्या, नाणे एका हातातून दुसऱ्या हातात फेकल्याच्या आभासावर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जादूगाराचा चेहरा झाकला तरी आभास कमी झाला नाही. चेंडू आणि नाणे यांना एकच नियम लावू नये, एवढे यावरून म्हणता येते. पुस्तकावरून शिकणाऱ्यासाठी दुसरा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, कारण हाताची क्रिया कागदावरून निदान अंशतः शिकता येते.

चित्रफितींमुळे लयीचा प्रश्न बराच सुटला. तरीही चित्रफीत पाहणारा त्या कलावंताची ढबही उचलतो; ग्रंथावरून शिकणाऱ्याला ती स्वतःची घडवावी लागते. सरावासाठी ग्रंथ आरसा सुचवतात. त्यात एक खोट आहे : नाणे लपवण्याच्या नेमक्या क्षणी शिकणाऱ्याची पापणी लवते आणि चूक त्याला कधी दिसतच नाही.