1948 चं भाडं, 1961 चा कायदा: इंदूरमधल्या घरमालक-भाडेकरू वादांची पार्श्वभूमी

राजवाडा, रामबाग या भागांतल्या जुन्या वाड्यांमध्ये भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांच्या भाड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. त्याचं मूळ शोधायचं तर फाळणीनंतरच्या काळात जावं लागतं. गिरण्यांचं शहर आधीच गजबजलेलं, त्यात निर्वासित कुटुंबं आली आणि घरं अपुरी पडली. होळकर संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं आणि तिथे संवत 2006 (इ.स. 1949-50) चं स्थान नियंत्रण विधान, म्हणजे भाडे नियंत्रणाचा कायदा, आलं. 1956 मध्ये नवं मध्य प्रदेश राज्य झालं. आज ज्याच्या आधारे वाद चालतात तो मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम 1961 चा.

या कायद्याच्या कलम 7 मध्ये ‘मानक भाडं’, म्हणजे कायद्याने ठरणारं कमाल भाडं, ठरवण्याची रीत आहे. जुन्या जागांसाठी 1 जानेवारी 1948 चं भाडं धरायचं (नगरपालिकेच्या नोंदवहीतलं किंवा प्रत्यक्ष मिळणारं, यांपैकी कमी असेल ते) आणि त्यावर राहत्या घराला 35 टक्के, इतर जागांना 70 टक्के वाढ द्यायची. महागाईशी त्याचा काही संबंध ठेवलेला नाही. दुरुस्तीचा खर्चही न निघणाऱ्या भाड्यामुळे किती वाडे खचले, हे शहरात फिरणाऱ्याला दिसतंच. मात्र मानक भाडं आपोआप लागू होत नाही. त्यासाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

खरं संरक्षण आहे कलम 12 मध्ये. करारात काहीही लिहिलेलं असो, कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला काढता येत नाही: थकबाकी, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची खरी गरज, धोकादायक इमारत आणि अशीच आणखी काही. थकबाकीचा दावा करण्याआधी मालकाने मागणीची नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत पूर्ण रक्कम दिली, तर ते कारणच उरत नाही.

दावा दाखल झालाच, तर कलम 13 लागतं, आणि अनेक भाडेकरू हरतात ते इथे. समन्स मिळाल्यापासून एक महिन्यात थकबाकी भरायची आणि पुढे दर महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. रकमेबद्दल वाद असेल तर न्यायालयाकडून तात्पुरती रक्कम ठरवून घ्यावी. वाद आहे म्हणून भरणाच थांबवला, तर घर सोडण्याविरुद्धचा बचावच रद्द होऊ शकतो. मालक भाडं घेतच नसेल तर प्राधिकाऱ्याकडे जमा करता येतं. चेकने देऊ केलेलं भाडंही ग्राह्य, असं सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये दामादीलाल विरुद्ध परशराम प्रकरणात म्हटलं. त्याच निकालाने कराराची मुदत संपल्यावरही कायद्याच्या आधाराने राहणाऱ्या भाडेकरूचा हक्क वारसांकडे जातो, हे पक्कं केलं. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या भाडेकरारांचं रहस्य हेच.

मालकांची कोंडी फोडायला 1983 मध्ये प्रकरण 3-अ आलं: खऱ्या गरजेचे अर्ज दिवाणी न्यायालयाऐवजी प्राधिकाऱ्याकडे. 1985 च्या दुरुस्तीने ही वाट ठरावीक मालकांपुरतीच उरली: सरकारी सेवेतून वा सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले कर्मचारी, विधवा व घटस्फोटित स्त्रिया, अपंग व्यक्ती, सैन्यदलातले लोक. इथे भाडेकरूने 15 दिवसांत प्रतिवादाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य झाल्यासारखंच धरतात.

अकरा महिन्यांच्या कराराचं मूळ वेगळ्याच कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो. तो खर्च टाळायला अकरा महिने. बारावा महिना लागला की घर रिकामं, असा समज शहरभर पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. 1961 चा कायदा लागू असलेल्या जागेत मुदत संपणं हे बाहेर काढण्याचं कारण नाही.

केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या अनामत रकमेची मर्यादा आहे. पण भाडेकरारांचा विषय राज्यसूचीत येतो. विधानसभेने तशी तरतूद केल्याशिवाय तो आदर्श कायदा दाखवून इंदूरच्या मालकाकडून जादा अनामत परत मागता येत नाही.