जोसेफिन: दोन लग्नं आणि नवऱ्याने ठेवलेलं नाव

नेपोलियनची जोसेफिन म्हणून जग जिला ओळखतं, तिला तिशी उलटेपर्यंत त्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं. घरी ती रोझ. जन्म २३ जून १७६३ चा, कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक या फ्रेंच वसाहतीतला. वडिलांचा उसाचा मळा होता आणि त्यात गुलाम राबत. १७६६ च्या चक्रीवादळात राहतं घर गेलं आणि हे कुटुंब साखर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहू लागलं.

पहिलं स्थळ आत्याने आणलं. आत्या फ्रान्समध्ये एका बोआर्ने घराण्यातल्या सरदाराबरोबर राहत होती. त्याच्या मुलाशी, अलेक्झांडरशी, भाचीचं लग्न झालं की पैसा आपल्याच माणसांत राहील, असा तिचा हिशेब. मागणी आली होती ती धाकट्या बहिणीला. पण पत्र पोचण्याआधीच ती वारली, म्हणून थोरलीला बोटीत बसवलं. डिसेंबर १७७९ मध्ये लग्न झालं तेव्हा रोझ सोळा वर्षांची होती. युजीन आणि ऑर्टन्स ही दोन मुलं झाली, पण अलेक्झांडरला बायको गावंढळ वाटे. १७८५ मध्ये दोघं कायदेशीर विभक्त झाले.

फ्रेंच राज्यक्रांतीत अलेक्झांडर आधी वर चढला, मग संशयात सापडला. २३ जुलै १७९४ ला त्याला गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर, चढवलं. रोझही तुरुंगातच होती. चारच दिवसांनी, हे शिरच्छेद घडवणाऱ्या क्रांतिकारी नेत्याची, रोबेस्पियरची, सत्ता कोसळली, म्हणून ती वाचली. पदरी दोन मुलं, हातात पैसा नाही. तिच्या पुढच्या वागण्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे दिवस आठवावेत, असं मला मनापासून वाटतं.

९ मार्च १७९६ च्या संध्याकाळी पॅरिसच्या एका नगर कार्यालयात ती नेपोलियनची वाट पाहत होती. तो सुमारे दोन तास उशिरा आला. तोवर मुख्य अधिकारी कंटाळून घरी गेला होता. हाताखालच्या माणसाने लग्न लावलं. नोंदवहीत तिने आपलं वय चार वर्षांनी घटवलं, त्याने दीड वर्षाने वाढवलं, आणि कागदावर दोघं अठ्ठावीस वर्षांची झाली! मार्तिनिक तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात, त्यामुळे तिचा जन्मदाखला मिळणं शक्यच नव्हतं. दोन दिवसांत नवरा इटलीच्या मोहिमेवर निघाला. जोसेफिन हे नाव त्यानेच दिलेलं.

राज्याभिषेक २ डिसेंबर १८०४ चा. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चमध्ये नेपोलियनने स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला. धार्मिक विधीने लग्न झालेलं नव्हतं, ते घाईघाईने आदल्या रात्री उरकलं. पुढे हाच विधी, साक्षीदार नव्हते अशा कारणांवरून, रद्द ठरवला गेला. खरं कारण वारस: नेपोलियनला तिच्यापासून मूल झालं नव्हतं. १५ डिसेंबर १८०९ ला तुइलरी राजवाड्यात सगळ्यांसमोर ती घटस्फोटाची संमती वाचायला उभी राहिली आणि मधेच गळा दाटून आला. उरलेला मजकूर दुसऱ्याने वाचला. सम्राज्ञी ही पदवी आणि पॅरिसजवळचा मालमेझोनचा वाडा तिच्याकडे राहिला. तिथल्याच गुलाबांच्या बागेत ती रमली आणि २९ मे १८१४ ला तिथेच गेली.

वारस न देणाऱ्या या बाईचा नातू, ऑर्टन्सचा मुलगा, तिसरा नेपोलियन म्हणून गादीवर बसला. त्याच्याच राजवटीत मार्तिनिकमध्ये तिचा पुतळा उभारला गेला. पण तिथल्या लोकांना १८०२ विसरता येत नव्हतं. त्या वर्षी तिच्या नवऱ्याने, पहिल्या नेपोलियनने, गुलामगिरी कायम ठेवणारा कायदा केला होता. १९९१ मध्ये कुणीतरी पुतळ्याचं शिर उडवलं. तो तसाच बिनडोक्याने उभा होता, जुलै २०२० मध्ये आंदोलकांनी खाली खेचेपर्यंत.